हळदीला हलाल सर्टिफिकेट: एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर-हिंगणघाट पट्ट्यातल्या एका गावची ही गोष्ट. गावाचं, कंपनीचं, माणसांचं नाव देत नाही, कारण यातले सगळे अजून तिथंच राहतात, रोज एकमेकांचं तोंड पाहतात. मी त्या शेतकरी उत्पादक कंपनीचं हिशोबाचं आणि कागदपत्रांचं काम बघतो, त्यामुळे खाली जे चुकलं म्हणून लिहिलंय त्यातलं बरंचसं माझ्याच टेबलावर चुकलेलं आहे.

हा भाग हळदीचा. वायगावच्या हळदीला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आणि आजूबाजूच्या गावांतही पिढ्यान्‌पिढ्या हळद लावतात. जूनमध्ये लागवड, जानेवारीपासून काढणी, मग उकडायची, वाळवायची, ढोलात पॉलिश करायची, आणि इतकं सगळं करून हळकुंड व्यापाऱ्याच्या दारात नेऊन तो सांगेल त्या भावात द्यायचं. याचा कंटाळा आला म्हणून तीनशेच्या वर शेतकरी एकत्र आले, कंपनी काढली, कर्ज काढून पल्वरायझर, म्हणजे दळायचं मशीन, आणि पॅकिंग मशीन बसवली, आणि बचत गटाच्या बायांच्या हाताखाली हळद पावडर, तिखट आणि एक चिकन फ्राय मसाला असे तीन माल सुरू केले. उलाढाल १२ लाखांच्या वर गेलेली, म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन न ठेवता राज्य परवाना घेतलेला. त्याच शेडच्या एका बाजूला कंपनीचं कृषी सेवा केंद्र, म्हणजे खतं, बियाणं, औषधं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

प्रश्न कुठून आला

जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या एका निर्यातदाराचा फोन आला. मलेशियात त्याचा आयातदार आहे, तिथल्या तमिळ आणि मलय दोन्ही दुकानांत मसाला जातो. त्याला दोन टन हळद पावडर, थोडं तिखट आणि चिकन फ्राय मसाला हवा होता. भाव चांगला होता. आम्ही थेट निर्यात करत नव्हतो, आयात-निर्यात कोड आणि मसाला बोर्डाचं निर्यातदार रजिस्ट्रेशन त्याच्याकडेच होतं, आम्ही फक्त माल भरून द्यायचा. शेवटी तो सहज म्हणाला, तसं हलाल सर्टिफिकेट तर असंलच तुमच्याकडे, म्हणजे माल इस्लामच्या नियमात बसतो असा दाखला.

नव्हतं. संचालक मंडळाच्या बैठकीत विषय ठेवला तेव्हा पहिला प्रश्न आमच्या माळकरी काकाजींनी विचारला. ते कंपनीचे सगळ्यात जुने संचालक, पंढरीची वारी न चुकवणारे. म्हणाले, "हळदीले हलाल कायले पाह्यजे बाप्पा? हळद का कापा लागते?"

प्रश्न अगदी खरा होता आणि त्याचं नीट उत्तर आमच्यापैकी कोणाकडंच नव्हतं. अध्यक्षताई म्हणाल्या व्यापाऱ्याला पाह्यजे म्हणून. एक तरुण संचालक म्हणाला हे सगळं पैसे उकळायचं काम आहे. चक्कीवाले चाचा, जे आमचं मशीन सांभाळतात आणि बैठकीला बहुतेक गप्पच बसतात, ते इतकंच म्हणाले की आमच्या घरी आजवर हळदीचा पुडा घेताना कोणी शिक्का पाहिला नाही. विषय तिथंच अर्धवट राहिला आणि ठराव मात्र झाला: "आवश्यक ते सर्टिफिकेट घ्यावे." आवश्यक म्हणजे कोणतं, कोणाचं, कोणत्या देशासाठी, हे ठरावात नव्हतं. माझ्या मते पुढचा सगळा त्रास त्या एका शब्दातून निघाला.

कायदा खरं काय म्हणतो

हे मला नंतर समजलं, पण वाचणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं.

भारतात हलाल सर्टिफिकेट सरकार देत नाही. एफएसएसएआय अन्नाची सुरक्षितता, लेबल, परवाना बघते, हलालचा शिक्का तिचा नाही. देशात विकायच्या मालाला हलाल असणं कुठंच सक्तीचं नाही. सर्टिफिकेट खाजगी संस्था आणि ट्रस्ट देतात. सरकारचा हात लागतो तो मांसाच्या निर्यातीला. परकीय व्यापार महासंचालनालयानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी धोरण काढलं, मुदती वाढत गेल्या आणि १६ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झालं. मांस आणि मांसाचे पदार्थ हलाल म्हणून ठरावीक १५ देशांना पाठवायचे असतील, ज्यात यूएई, सौदी, मलेशिया, इंडोनेशिया, बांगलादेश, सिंगापूर हे सगळे आले, तर ते भारतीय गुणवत्ता परिषदेच्या आय-कॅस हलाल योजनेखाली सर्टिफिकेट असलेल्या कारखान्यातूनच आले पाहिजेत आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीची, म्हणजे अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता पाहिजे. हे मांसाचं. हळद, तिखट, मसाला त्यात येत नाही.

मग मसाल्याला का मागतात? कारण घेणारा देश. मलेशियात जाकिम म्हणून त्यांचं सरकारी खातं आहे, २०११ च्या त्यांच्या आदेशांप्रमाणं बाहेरून आलेला माल हलाल म्हणून विकायचा असेल तर त्यावर जाकिमचं किंवा जाकिमनं मान्य केलेल्या परदेशी संस्थेचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे हलाल न म्हणता विकता येतो, पण म्हणायचं असेल तर कोण म्हणतो ते त्यांच्या यादीत पाहिजे. इंडोनेशिया तर याच्याही पुढं गेला, २०१४ चा ३३ नंबरचा कायदा करून त्यांनी खाण्यापिण्याच्या मालाला टप्प्याटप्प्यानं सक्तीच केली.

सगळी गाठ त्या यादीत आहे. प्रत्येक देशाची यादी वेगळी, आणि एका यादीत असलेली संस्था दुसऱ्या यादीत असेलच असं नाही.

पहिला निर्णय, जो चुकला

ऑगस्टमध्ये नागपुरात एका ओळखीतून एजंट मिळाला. त्यानं सांगितलं पंधरा दिवसात काम होते, तीस हजार द्या, आधारकार्ड, एफएसएसएआय लायसन्सची कॉपी आणि मालाची यादी पाठवा. आम्ही पाठवली. खरंच पंधराव्या दिवशी कुरिअरनं सर्टिफिकेट आलं, जाड कागद, होलोग्राम, वर अरबी अक्षरं. अध्यक्षताईंनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं.

युनिट बघायला कोणीच आलं नव्हतं. मशीन कशी धुता, मसाल्यात काय टाकता, हे कोणी विचारलं नव्हतं. ज्या सर्टिफिकेटसाठी तपासणीला माणूस येत नाही ते सर्टिफिकेट कशाचं आहे, हे तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं. माझ्या नाही आलं. मी तर खूश होतो की काम लवकर झालं.

याच जोशात सप्टेंबरमध्ये आम्ही पाऊच छापले, आठ हजार. छपाईवाला म्हणाला कमी छापले तर महाग पडते, म्हणून निर्यातीचे आणि देशातले पाऊच एकच केले आणि दोन्हीवर हलालचा लोगो टाकला. बैठकीत हे कोणाला विचारलंही नाही, मी आणि छपाईवाल्यानं फोनवर ठरवलं. त्यातलं तिखट आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना गेलं, त्यात कानपूरचा एक घाऊक व्यापारी होता.

ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या निर्यातदाराला सर्टिफिकेटची कॉपी पाठवली. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, ही संस्था जाकिमच्या यादीत नाही, हे चालणार नाही. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही देश कुठं सांगितला होता?" आणि हे खरं होतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत.

नोव्हेंबरचा महिना

यावर काय करायचं हे ठरायच्या आतच १८ नोव्हेंबर २०२३ ला उत्तर प्रदेश सरकारच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी आदेश काढला. हलाल सर्टिफिकेट असलेल्या खाद्यपदार्थांचं उत्पादन, साठवण, वाटप, विक्री यावर त्या राज्यात बंदी, अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ३० खाली. निर्यातीच्या मालाला सूट. त्यांचं म्हणणं असं की खाण्याच्या मालाचा दर्जा ठरवायचं काम कायद्यानं दिलेल्या यंत्रणेचं आहे आणि ही समांतर व्यवस्था गोंधळ करते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये कोर्टानं नोटीस काढली. पण त्याच्या आधीच, आदेशाच्या तिसऱ्या दिवशी, कानपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला की तुमच्या तिखटाच्या पुड्यावर लोगो आहे, माल गोडाऊनातून उचला नाहीतर मी फेकून देतो. चाळीस बॉक्स परत आणले, भाडं आमच्या खिशातून.

आणि गावात वेगळंच सुरू झालं. व्हॉट्सॲपवर दोन मेसेज फिरले. एकात होतं सरकारनं हलाल बंद केलं, दुसऱ्यात होतं सरकारनं हलाल सक्तीचं केलं. दोन्ही अर्धे खरे. पहिला उत्तर प्रदेशातल्या विक्रीबद्दल, दुसरा मांसाच्या निर्यातीबद्दल, आणि महाराष्ट्रातल्या हळदीच्या पुड्याशी एकाचाही संबंध नव्हता. पण पुड्यावरचा लोगो लोकांनी पाहिला होता. दोन सभासदांनी येऊन सांगितलं की आमची हळद या कंपनीत टाकणार नाही. एका घरच्या हळदीकुंकवात कंपनीचा पुडा नको म्हणून परत केला. दुसरीकडं चक्कीवाले चाचा कामावर यायचे थांबले. दोन दिवसांनी मी घरी गेलो तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, लोकं अब्बाले विचारतात तुमीच लावलं काय हे. ज्या माणसानं बैठकीत शिक्का लागत नाही म्हणून सांगितलं होतं त्याच्यावर बोट गेलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त त्रास याचा झाला, तीस हजाराचा नाही.

समोर काय काय होतं

डिसेंबरच्या बैठकीत पहिल्यांदा नीट, वेळ देऊन बोलणं झालं. सगळ्यांसमोर चार रस्ते होते.

ऑर्डर सोडून द्यायची, हे तरुण संचालकाचं म्हणणं. वाद मिटतो, पण मशीनच्या कर्जाचा हप्ता मिटत नाही.

दुसरा, पावडर न करता नुसतं हळकुंड निर्यातदाराला द्यायचं आणि त्यानं मुंबईत दळून काय सर्टिफिकेट लावायचं ते लावावं. हा सोपा होता आणि बऱ्याच जणांना पटत होता, मलाही. अध्यक्षताईंनी तो मोडला. त्या म्हणाल्या, हळकुंडच विकायचं होतं तर कंपनी काढली कायले, पावडरीत जे दोन पैसे बायांच्या हाताला लागतात तेच तर तुम्ही काढून घेताय.

तिसरा, फक्त हळद आणि तिखटाला सर्टिफिकेट घ्यायचं, मसाला वगळायचा, कारण एकाच घटकाच्या मालाला तपासणी हलकी असते. पण एकाच शेडमध्ये, एकाच पल्वरायझरवर तिन्ही माल निघत होते, त्यामुळं मसाला कागदावर वगळला तरी मशीनवरून वगळला जात नव्हता.

चौथा, पूर्ण युनिटचं, जाकिमच्या यादीतल्या संस्थेकडून, रीतसर तपासणी करून घ्यायचं आणि देशातल्या पुड्यावरून लोगो काढून टाकायचा. खर्च जास्त, सगळं धरून ऐंशी हजाराच्या आसपास.

काकाजी चौथ्या रस्त्याला तयार झाले, पण एक अट घालून. म्हणाले, तपासणीला येणारा माणूस काय विचारते ते मी सोबत राहून ऐकीन, अन् गावाले मी सांगीन. ही अट मानली गेली. आता मागं पाहताना वाटतं की सगळ्या बैठकांमधला सगळ्यात कामाचा निर्णय तोच होता.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभासदांची बैठक लावली. मी जाकिमची यादी दाखवली, उत्तर प्रदेशचा आदेश काय आहे आणि काय नाही ते वाचून दाखवलं, देशातल्या पुड्यावर लोगो राहणार नाही हे सांगितलं, आणि तो लोगो बैठकीला न विचारता मी टाकला होता, चाचांचा त्यात काही संबंध नव्हता, हे सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतरच चाचा परत कामावर आले.

तपासणीचा दिवस

फेब्रुवारी २०२४, हळदीचा ऐन हंगाम, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दोन तपासनीस आले, एक धार्मिक बाजू बघणारे मौलाना आणि एक अन्न तंत्रज्ञ बाई. काकाजी सकाळपासून तुळशीची माळ, टोपी घालून हजर. तपासनीसांनी जे जे विचारलं ते मी इथं जरा सविस्तर लिहितो, कारण "हळदीला कशाला" याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

पहिल्यांदा त्यांनी गोडाऊन पाहिलं. आमच्या कृषी सेवा केंद्राची बोनमीलची पोती, म्हणजे हाडांचा चुरा, जो संत्र्याच्या बागेला टाकतात, ती हळकुंडाच्या पोत्यांना अगदी चिकटून थप्पी लावलेली. मधे भिंत नाही, ताडपत्री नाही. बाईंनी विचारलं, हाडं कोणत्या जनावराची आहेत? आम्हाला काय माहीत. हलाल बाजूला ठेवा, खायच्या वस्तूजवळ खत ठेवणंच एफएसएसएआयच्या स्वच्छतेच्या नियमात बसत नाही, आणि आम्ही दोन वर्षं ते तसंच ठेवत होतो.

मग पल्वरायझर. साफ करायला काय वापरता? चाचांनी खिळ्यावरचा ब्रश काढून दाखवला, रंगकामाचा चार इंची ब्रश, मऊ केसांचा, चाळणीच्या फटीतली पावडर छान निघते म्हणून घेतलेला. मौलानांनी तो हातात न घेताच विचारलं, केस कशाचे? रंगाचे बरेच ब्रश डुकराच्या केसांचे असतात. मलेशियात तर डुकराच्या केसांचे ब्रश दुकानात वेगळे ठेवून तसं लिहायला लावणारा २०१३ चा आदेशच आहे. चाचांचा चेहरा पाहवत नव्हता. रोज हातात धरलेली वस्तू, आणि कोणी कधी सांगितलं नाही. काकाजी पण गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे माह्या घरच्या हळदीतबी हाच ब्रश फिरला नं?" फिरला होता.

तिसरी गोष्ट मसाल्याची. आमचा चिकन फ्राय मसाला म्हणजे मीठ, कॉर्नफ्लोअर, तिखट, धने, आणि नागपूरहून विकत आणलेलं एक प्रीमिक्स, म्हणजे तयार मिश्रण, ज्यानं चव उठते. प्रीमिक्सच्या पोत्यावर बारीक अक्षरात घटक होते, त्यात ६२७ आणि ६३१ हे कोड नंबर. बाईंनी ६३१ वर बोट ठेवलं. डायसोडियम इनोसिनेट. ते मासळी-मांसापासूनही काढता येतं आणि टॅपिओकासारख्या स्टार्चपासूनही, नंबर मात्र दोन्हीचा एकच. कशापासून आहे हे बनवणारा लेखी सांगेल तरच कळतं.

आणि आमच्या पाऊचवर हिरवा टिपका होता. शाकाहारी म्हणून.

हे ऐकून काकाजी खुर्चीवर बसले. याच ६३१ नंबरचं उदाहरण घेऊन दिल्ली हायकोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं की प्रत्येक घटक वनस्पतीपासूनचा आहे की प्राण्यापासूनचा हे उत्पादकानं उघड केलंच पाहिजे, नुसता कोड नंबर देऊन भागत नाही, कारण काय खावं हा माणसाच्या श्रद्धेचा आणि हक्काचा प्रश्न आहे. म्हणजे जो प्रश्न मौलाना विचारत होते तोच प्रश्न माळकरी माणसासाठी आम्ही स्वतःला दोन वर्षांपूर्वीच विचारायला पाहिजे होता, कायद्यानं आणि माणुसकीनं सुद्धा. हिरवा टिपका आम्ही आम्हीच लावला होता, तो लावायच्या आधी कोणी येऊन तपासत नाही, जबाबदारी पूर्ण बनवणाऱ्याची.

तपासणी संपली तेव्हा काकाजींनी दोघांना जेवायला घरी नेलं. ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा.

नंतर काय केलं

बोनमील आणि सगळी खतं दुसऱ्या शेडमध्ये हलवली, मधे पक्की भिंत घातली. ब्रश नायलॉनचे घेतले, बिलावर तसं लिहून घेतलं. सगळी मशीन उघडून धुतली, वाळवली, आणि पहिली काही पोती हळद वेगळी दळून ती खायला विकली नाही.

प्रीमिक्सवाल्याला पत्र मागितलं. तो फोनवर म्हणाला सगळं व्हेजच आहे, भाऊ. लेखी मागितलं तर तीन आठवडे लावले आणि शेवटी दिलं नाही. इथं दुसरा मोठा निर्णय होता: दुसरा पुरवठादार शोधायचा की प्रीमिक्सच काढून टाकायचं. बचत गटाच्या बायांनी तो आपणच सोडवला. सावजीच्या धर्तीवर खोबरं, धने, दगडफूल, खसखस, मिरे, शहाजिरं भाजून त्यांनी मसाला केला, आणि खरं सांगतो, आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला. फक्त निर्यातदारानं खसखस काढायला लावली, कारण त्याला पुढं हाच माल सिंगापूर आणि यूएईला न्यायचा होता आणि तिथं खसखशीवर बंदी आहे. त्या बंदीपुढं हलाल सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही. मग खसखशीऐवजी बायांनी तीळ घातले.

एप्रिलच्या शेवटी सर्टिफिकेट आलं, एक वर्षाचं, त्यावर तिन्ही मालाची नावं, युनिटचा पत्ता, आणि संस्था यादीतली. निर्यातीचा पाऊच वेगळा छापला. देशातल्या पाऊचवर लोगो नाही, सर्टिफिकेट फाईलमध्ये.

निकाल

मे २०२४ मध्ये पहिला माल गेला, पण दोन टन नाही, सातशे किलो हळद आणि थोडा मसाला. आयातदारानं मधल्या आठ महिन्यांत दुसरीकडून खरेदी केली होती आणि ती तोडायला तो तयार नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्येच बरोबर दारात गेलो असतो तर त्याच हंगामात पूर्ण ऑर्डर पडली असती, असं निर्यातदारानं स्पष्ट सांगितलं. पुढच्या हंगामात मागणी वाढली. दोन टनाचा आकडा मात्र अजून गाठला नाही.

कानपूरचा व्यापारी परत आला नाही. बिना लोगोचा पाऊच पाठवतो म्हणालो तरी नाही, त्याला झंझटच नको. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या गोडाऊनमध्ये काही झालं असतं तर भोगायचं त्यालाच होतं. सोडून गेलेल्या दोन सभासदांपैकी एक परत आले, एक नाही आले.

ऑक्टोबर २०२४ ला मांसाचा नियम लागू झाला तेव्हा पुन्हा फोन सुरू झाले. नागपूरचा एक दलाल म्हणाला तुमच्या पुड्यावर चिकन लिहिलंय, तुम्हाला आता सरकारी योजनेतूनच जावं लागते. नाही लागत. त्यात चिकन नाही, ते चिकनला लावायचं आहे. तरी आम्ही नाव बदलून "फ्राय मसाला" केलं आणि कोंबडीचं चित्र काढून टाकलं, कारण प्रत्येक वेळी प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात उत्तर प्रदेशच्या प्रकरणात सॉलिसिटर जनरल तुषार मेहता म्हणाले की सिमेंट आणि लोखंडी सळईलाही हलाल सर्टिफिकेट दिलं जातंय. ती बातमी काकाजींनीच मला वाचून दाखवली. सिमेंटचं काय ते मला सांगता येत नाही. ते म्हणाले, मलेबी नाई सांगता येत, पर हळदीचं म्या डोयानं पाह्यलं.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी देश विचारीन. माल कुठं जाणार, आयातदाराला कोणत्या यादीतली संस्था चालते, हे त्याच्याकडून ईमेलवर घेईन आणि ती संस्था आज त्या यादीत आहे का हे त्या देशाच्या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर स्वतः पाहीन, कारण याद्या बदलतात. त्याआधी कोणाला एक रुपया देणार नाही.

निर्यातीचं आणि देशातलं पॅकिंग पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवीन. दोन छपाईंचा जादा खर्च चाळीस बॉक्सच्या परतीच्या भाड्यापेक्षा कमीच होता. आणि ज्या राज्यात माल पाठवतो तिथला आदेश त्या राज्यापुरता असतो, आपल्याकडं नाही म्हणून आपला माल सुटला असं होत नाही.

गावाला सांगायचं काम छपाईच्या आधी करीन. लोकांना लोगो आधी दिसला आणि कारण नंतर कळलं, मधल्या जागेत मेसेजनी घर केलं, आणि त्याचा भार एका गप्प माणसाच्या दारात जाऊन पडला. चाचांना त्या वेळी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच भेटायला पाहिजे होतं, दोन दिवस थांबायला नको होतं.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. तरुण संचालक म्हणतो की तपासणीत सापडलेलं सगळं, खत, ब्रश, प्रीमिक्स, हे आपण आपलं आपण शोधायला पाहिजे होतं, त्याला ऐंशी हजार कशाला. त्याचं चुकत नाही. पण आम्ही दोन वर्षं शोधलं नव्हतं हेही खरं आहे, आणि एफएसएसएआयच्या परवान्यासाठी कागद भरताना यातलं काहीच बाहेर आलं नव्हतं.

आता नवीन घटक आला की पुरवठादाराचं लेखी पत्र आल्याशिवाय पोतं शेडमध्ये घेत नाही. ते पत्र महिन्याच्या बैठकीत काकाजी मोठ्यानं वाचतात, चाचा ऐकतात, मग ते फाईलला लागतं. जुन्या पाऊचपैकी साडेपाच हजार अजून गठ्ठ्यात बांधून माझ्या टेबलाखाली पडलेत. लोगोवर स्टिकर लावून वापरायचे की मोडीत काढायचे, हा विषय पुढच्या बैठकीत आहे.